चावी कोणाकडे, नोंद कोणाकडे

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर सहकारी संस्थांचे हिशेब तपासत राहिले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर आजवर शेती, शिक्षण, राज्यघटना अशा भारदस्त विषयांवर बोललं गेलं आहे. मी निवडलेला विषय त्यामानाने अगदी रुक्ष आहे. संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय पाहता यावं, काय लिहिता यावं, काय बदलता यावं आणि काय मंजूर करता यावं, हे ज्या स्क्रीनवर ठरतं त्या स्क्रीनबद्दल मी बोलणार आहे. कुठे तिला 'युजर मॅनेजमेंट' म्हणतात, कुठे 'युजर रोल्स', कुठे 'सिक्युरिटी'. सभासदांना ती कधी दिसत नाही आणि संचालक तिच्याकडे फिरकत नाहीत. पण संस्थेचा कारभार खरोखर कोणाच्या हाती आहे हे पोटनियमांवरून कळत नाही, वार्षिक अहवालातल्या फोटोंवरून तर नाहीच नाही. ते त्या स्क्रीनवरच्या यादीवरून कळतं.

मी माहिती प्रणालींचं लेखापरीक्षण करतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: सॉफ्टवेअरमधला अधिकार हा मान म्हणून वाटायचा नसतो, तो कामापुरता मोजून द्यायचा असतो. आणि तो मोजून दिला, तर संस्थेइतकंच तो वापरणाऱ्या माणसाचंही रक्षण होतं. लोक पहिला भाग मान्य करतात आणि दुसरा विसरतात. म्हणून अधिकार काढून घेतला की माणसाला अपमान वाटतो, आणि देणाऱ्यालाही 'आपण याच्यावर अविश्वास दाखवतोय की काय' असा संकोच होतो.

संगणकाच्या आधीची शहाणी माणसं

कामाची वाटणी करून एकमेकांवर लक्ष ठेवायची पद्धत आपल्याला संगणकाने शिकवली नाही. शिवकालीन किल्ल्यांची व्यवस्था आठवा. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी असत. दरवाजाच्या चाव्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, दाणागोटा आणि सामानसुमान कारखानिसाकडे. एकट्याला फितवून गड हाती लागू नये, हा हिशेब त्यामागे होता. हे अधिकारी वेगवेगळ्या जातींतले नेमण्याचा प्रघात होता असं इतिहासकार सांगतात. म्हणजे कामं वेगळी केली तरी माणसं आतून संगनमत करू शकतात, याचाही विचार झालेला होता.

बँकांमध्ये हीच गोष्ट 'जॉइंट कस्टडी' म्हणून आली. तिजोरीला दोन चाव्या, एक रोखपालाकडे, एक शाखाधिकाऱ्याकडे. दोघं समोर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. लेजरला एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची.

संगणक आल्यावर ही सगळी व्यवस्था पासवर्डवर आली, आणि इथे एक फरक पडला. चावी एका वेळी एकाच खिशात राहू शकते. ती दुसऱ्याला दिली तर आपल्याकडे उरत नाही, आणि आपल्याला ते जाणवतं. पासवर्ड दहा जणांना सांगितला तरी तो आपल्याकडे जसाच्या तसा राहतो. काहीच गेलं नाही असं वाटतं आणि सगळं गेलेलं असतं.

संगणकशास्त्रातल्या मंडळींना हे लवकर उमगलं. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये लिहिलेल्या एका लेखात दोन तत्त्वं मांडली. पहिलं, प्रत्येकाला आपलं काम पुरं करायला लागतील तेवढेच अधिकार असावेत. दुसरं, जिथे जमेल तिथे एका चावीऐवजी दोन चाव्यांचं कुलूप असावं. उदाहरण त्यांनी बँकेतल्या लॉकरचंच दिलं होतं. पुढे १९८७ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी एक महत्त्वाचा भेद दाखवला. लष्कराची मुख्य काळजी गुपित फुटू नये ही असते. व्यापाराची मुख्य काळजी असते नोंद बिघडू नये ही. पगारपत्रक कोणी चोरून वाचलं तर ते वाईटच, पण कोणी गुपचूप बदललं तर संस्था बुडू शकते. आणि नोंद शाबूत ठेवायचे व्यापाऱ्यांचे उपाय त्यांनी जुनेच सांगितले: दुहेरी नोंद आणि कामांची वाटणी.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतले डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी याला आजचं रूप दिलं. अधिकार माणसाला थेट द्यायचे नाहीत, भूमिकेला द्यायचे आणि माणसाला त्या भूमिकेवर बसवायचं. रोखपाल बदलला तर नव्याला रोखपालाची भूमिका द्या आणि जुन्याची काढा. शंभर अधिकारांची यादी पुन्हा पुन्हा चाळायला नको. २००४ मध्ये अमेरिकेत याचं प्रमाणित मानकही झालं. आज हिशेबाच्या टॅलीपासून मोठ्या कंपन्यांच्या सॅपपर्यंत आणि कोअर बँकिंगपासून रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरपर्यंत कमीअधिक हीच रचना दिसते.

काट्यापासून बिलापर्यंत

तत्त्व बाजूला ठेवू आणि साखर कारखान्यात जाऊ, कारण इथल्या निम्म्या श्रोत्यांचा तिथे ऊस जातो.

आधी शेतकी खात्याचा माणूस, आपला चिटबॉय, शेतावर येऊन ऊसनोंद करतो. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. मग तोडीचा प्रोग्राम लागतो. भरलेली गाडी काट्यावर येते आणि तिचं वजन होतं. ऊस गव्हाणीत उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. वजावट होऊन निव्वळ वजन निघतं, पावती मिळते. त्यावरून बिल तयार होतं, सोसायटीची वसुली कापली जाते आणि उरलेली रक्कम तुमच्या खात्यावर जमा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे हे १४ दिवसांत व्हायला हवं. ते किती होतं यावर मी आज बोलत नाही.

आता या साखळीत अधिकार कसे वाटायचे? चिटबॉयने नोंद घालावी. वजन त्याला दिसायला हरकत नाही, पण त्याला हात लावता येऊ नये. काट्यावरच्या कारकुनाच्या स्क्रीनवर वजनाचा आकडा काट्यातूनच थेट यावा, कीबोर्डवरून टाकायची सोय त्याला नसावी. काटा बिघडला की हाताने आकडा टाकायची वेळ येतेच. तेव्हा अशा प्रत्येक नोंदीला दुसऱ्या खात्याच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागावी आणि ती नोंद कायमची वेगळी दिसावी. बिल लेखा विभागाने काढावं. सभासदाचा बँक खाते क्रमांक बदलायचा असेल, तर जो बिलाचे पैसे पाठवतो त्याला तो बदलता येऊ नये.

आता समजा ऊसनोंद करणं, खाते क्रमांक भरणं आणि बिल मंजूर करणं हे तिन्ही अधिकार एकाच लॉगिनवर आले. यातला एकही अधिकार एकटा वाईट नाही. पण तिन्ही एकत्र आले की तो माणूस जमिनीवर नसलेलं शेत आणि गावात नसलेला शेतकरी उभा करू शकतो. लेखापरीक्षक ज्या यादीसाठी धडपडतो ती याच जोड्यांची. पुरवठादाराचं खातं उघडणं आणि त्याला पैसे देणं, नवा कर्मचारी नोंदवणं आणि पगार काढणं, माल स्वीकारणं आणि माल निर्लेखित करणं, या जोड्या एका हातात पडता कामा नयेत. सॅप वापरणाऱ्या कंपन्यांत 'सॅप ऑल' नावाचं एक प्रोफाइल असतं. ते लावलं की प्रणालीतली जवळजवळ सगळी दारं उघडतात. म्हणून तपासनीस तिथे गेला की आधी विचारतो, हे कोणाकोणाला दिलंय? छोट्या पेढीत हाच प्रश्न टॅलीपुरता असतो. टॅलीत 'ओनर' आणि 'डेटा एंट्री' असे वेगळे स्तर ठेवता येतात, मागच्या तारखेच्या व्हाउचरवर बंधन घालता येतं. पण कित्येक दुकानांत मालक, मुनीम आणि कॉलेज करून संध्याकाळी दोन तास येणारा मुलगा, सगळे एकाच 'ओनर' लॉगिनवर बसलेले असतात.

तीन बँका, तीन धडे

बेअरिंग्ज ही १७६२ मध्ये स्थापन झालेली लंडनची बँक. सिंगापूरमध्ये तिचा एक तरुण अधिकारी, निक लीसन, वायदे बाजारात सौदे करत होता आणि त्याच सौद्यांच्या नोंदी जुळवणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. म्हणजे सौदा करणारा तोच आणि सौदा बरोबर झाला असं सांगणाराही तोच. तोटे त्याने '८८८८८' या क्रमांकाच्या खात्यात दडवले. अंतर्गत तपासनिसांनी १९९४ मध्ये या दुहेरी अधिकाराकडे बोट दाखवलं होतं. फेब्रुवारी १९९५ मध्ये बँक कोसळली. तोटा सुमारे ८२.७ कोटी पौंडांचा होता. डच आयएनजी समूहाने ती बँक एक पौंड किमतीला घेतली.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईतली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतला हमीपत्रांचा घोटाळा उघड झाला. आकडा आधी ११,४०० कोटींच्या आसपास सांगितला गेला आणि पुढे १३,००० कोटींच्या वर गेला. परदेशातल्या बँकशाखांना संदेश जात होते स्विफ्ट यंत्रणेतून, आणि बँकेची खतावणी होती कोअर बँकिंगमध्ये. दोन्हींची जोडणी नव्हती. त्यामुळे बँकेने हमी दिली हे जगाला कळत होतं, फक्त बँकेच्या वहीला कळत नव्हतं. संबंधित अधिकारी वर्षानुवर्षं त्याच जागी होता. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, ही पायरी कागदावर होतीच. रिझर्व्ह बँकेने त्यानंतर दोन्ही यंत्रणा जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत घालून दिली. धडा असा की एका सॉफ्टवेअरमधली भूमिका कितीही नेटकी आखा, शेजारी दुसरं दार उघडं असेल तर ती निरुपयोगी.

तिसरी गोष्ट सर्वांत बोचरी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला ठेवीदारांना फक्त १,००० रुपये काढता येणार होते. तपासात पुढे आलेल्या माहितीप्रमाणे बुडीत निघालेली ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली होती, आणि मूळ खाती मोजक्याच कर्मचाऱ्यांना दिसतील अशी तजवीज होती. इथे प्रवेशाचं बंधन होतं, आणि कडक होतं. फक्त ते उलट्या दिशेने लावलेलं होतं. चोराला बाहेर ठेवायची भिंत तपासणाऱ्याला बाहेर ठेवायला वापरली गेली. म्हणून मी प्रत्येक संस्थेला एक भूमिका सक्तीची सांगतो: सगळं पाहू शकणारा आणि काहीही बदलू न शकणारा. लेखापरीक्षकासाठी ही भूमिका नसेल, तर त्याला दाखवलेला हिशेब हा निवडून दाखवलेला हिशेब असतो.

यादी आणि मस्टर

मोठे घोटाळे वर्तमानपत्रात येतात. रोजचं काम वेगळं असतं. एका नागरी सहकारी बँकेत मी युजर यादीची प्रिंट घेऊन बसलो होतो, शेजारी मस्टर. एकेक नाव जुळवायचं आणि खूण करायची. यादीत माणसांच्या नावांबरोबर 'टेस्ट', 'टेम्प१', 'मॅनेजर२' असेही सभासद होते. एका नावाला मस्टरवर जोडीदार मिळेना.

"हे भाऊसाहेब तर गणपतीआधीच रिटायर झाले ना?"

"हो सर."

"मग काल दुपारी यांच्या आयडीवरून लॉगिन कसं?"

"त्यांच्या आयडीला पासिंग आहे ना सर, म्हणून बंद नाही केला."

"वापरतं कोण?"

"गरजेला... सगळेच."

या उत्तरात लबाडी नव्हती, हे मी आवर्जून सांगतो. सोमवारचा दिवस, पेन्शनरांची रांग, नोंदींना मंजुरी देणाऱ्या पासिंग ऑफिसर मॅडम डबा खायला गेलेल्या. कारकून आतल्या बाजूला पाहून हाक मारतो, "मॅडम, पासिंग!" दोन-चारदा असं झालं की मॅडमच म्हणतात, "अरे, टाक ना माझा पासवर्ड, तुला माहितीये." पासवर्ड चोरीला जात नाही, तो सौजन्याने दिला जातो. पुढे कधी एखादी नोंद खोटी निघाली, तर चौकशीच्या टेबलासमोर मॅडम बसतात. नोंदीवर नाव त्यांचं, वेळ जेवणाची, आणि 'मी तेव्हा डबा खात होते' हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काही नसतं. म्हणून मी म्हटलं, मर्यादा ही त्या माणसाचीच ढाल असते. ज्याला वजन बदलताच येत नाही, त्याच्यावर वजन बदलल्याचा आळ येऊच शकत नाही.

यावर पासवर्ड सांगू नका अशी पाटी लावणं हा उपाय नव्हे. डबा खायच्या वेळी मंजुरी कोण देणार, हे आधी ठरवणं हा उपाय आहे. रजेवरच्या अधिकाऱ्याचा पर्याय नेमावा, त्याला स्वतःच्या आयडीवर मुदतीचा अधिकार द्यावा आणि मुदत संपली की तो आपोआप जावा. कडक व्यवस्था कामाला नडली की लोक पळवाट काढतात, आणि ती पळवाट मग वहिवाट होते. रुग्णालयांच्या काही प्रणालींत यावर चांगली तोड आहे. एरवी बंद असलेला रुग्णाचा कागद तातडीच्या वेळी डॉक्टरला उघडता येतो, पण कारण लिहावं लागतं, आणि असे सगळे प्रसंग नंतर कोणीतरी तपासतं. दार अडवायचं नाही, पण उघडल्याची नोंद सुटू द्यायची नाही.

अधिकारांची यादी फुगायचं पहिलं कारण ही रोजची सोय, दुसरं कारण म्हणजे बदली. माणूस रोख विभागातून कर्ज विभागात जातो, तिथून क्लिअरिंगला. प्रत्येक ठिकाणी नवा अधिकार मिळतो, जुना काढायचं कोणी लक्षात ठेवत नाही. वीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाच्या आयडीवर अखेर सगळी बँक गोळा होते. त्याचा आयडी चुकीच्या हाती लागला तर? बदलीच्या आदेशात 'जुन्या जागेचे अधिकार काढले' ही एक ओळ आणि त्यावर सही, एवढं झालं तरी निम्मा कचरा कमी होतो.

तिसरं कारण प्रतिष्ठेचं आहे, आणि ते आपल्याकडे फार चालतं. "चेअरमनसाहेबांना सगळं पाहिजे." साहेबांना सगळं दिसावं, याला हरकत नाही. पण दिसणं आणि बदलता येणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अध्यक्षाचं काम धोरण ठरवायचं आणि जाब विचारायचा. ज्या दिवशी त्याच्या लॉगिनवरून नोंद होऊ लागते, त्या दिवसापासून त्याला जाब विचारणारं कोणी उरत नाही. खुर्ची जितकी मोठी, तितका नोंद बदलायचा अधिकार कमी असावा, हे ऐकायला उलटं वाटतं. तसं वाटण्यातच आपला रोग आहे.

एकटा सचिव

मघापासून काही जण मनात म्हणत असतील, हे सगळं मोठ्यांचं झालं, आमच्या विकास सोसायटीत सचिव एकटा, तो कामाची वाटणी कोणाशी करणार? प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये अशा ६३ हजार प्राथमिक कृषी पतसोसायट्यांच्या संगणकीकरणाचा २,५१६ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. सॉफ्टवेअर गावात येतंय. त्यात भूमिका असतील, मंजुरीच्या पायऱ्या असतील. पण सचिवाने आपल्या आयडीने नोंद करायची आणि अध्यक्षांच्या आयडीने त्यानेच मंजूर करायची, असं झालं तर वहीच बरी होती, निदान सही तरी अध्यक्षांना स्वतः करावी लागत होती.

जिथे काम वाटता येत नाही, तिथे नजर वाटावी. अध्यक्षांनी स्वतःच्या मोबाइलवर रोजचा जमाखर्च पाहावा. जिल्हा बँकेचा खातेउतारा सचिवाच्या हातून न येता थेट समितीतल्या दुसऱ्या कोणाकडे यावा आणि त्याने महिन्यातून एकदा मेळ घालावा. कर्जखात्यावर व्यवहार झाला की सभासदाला एसएमएस जावा. सभासदाइतका चोख तपासनीस सरकारलाही नेमता येणार नाही, कारण खातं त्याचं स्वतःचं असतं.

शेवटी, बदललेल्या नोंदीच्या इतिहासाबद्दल. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, तारखेसह, न पुसता येणारी नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे. सहकारी कारखाना, पतसंस्था, दूध संघ त्यात येत नाहीत. पण म्हणून त्यांनी थांबायचं कारण नाही. कायद्याने सांगण्याआधी सर्वसाधारण सभा सांगू शकते.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत, ताळेबंद वाचून झाल्यावर, माईक हातात घेऊन पाच प्रश्न विचारा. संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये किती आयडी चालू आहेत आणि मस्टरवर माणसं किती? सगळे अधिकार असलेले आयडी किती आणि कोणाकडे? जो पैसे पाठवतो त्याला खाते क्रमांक बदलता येतो का? नोंदी बदलल्याचा इतिहास चालू आहे की बंद? आणि ही यादी गेल्या वर्षात कोणी, कधी तपासली? यातल्या एकाही प्रश्नासाठी संगणक यावा लागत नाही. उत्तर लगेच मिळालं तर समाधानाने खाली बसा. 'माहिती घेऊन कळवतो' असं उत्तर आलं, तर तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.